पुष्कळ म्हणजे किती?

तीसेक वर्षे शाळेत मराठी आणि भूगोल शिकवला. निबंधाच्या वह्या तपासताना लाल शाईने मी सर्वांत जास्त वेळा कुठला शब्द अधोरेखित केला असेल, तर तो 'पुष्कळ'. 'आमच्या गावात पुष्कळ झाडे आहेत.' 'जत्रेला पुष्कळ माणसे आली होती.' मी समासात लिहायचो, 'पुष्कळ म्हणजे किती?' मुलांनी माझे नावच 'पुष्कळ सर' पाडले होते, हे मला निवृत्त झाल्यावर एका माजी विद्यार्थ्याने सांगितले. असो.

गेल्या दिवाळीत नेमका हाच प्रश्न माझ्यावर उलटला. थोरल्या लेकीची मुलगी चार दिवस पेणला आली होती. ती वन्यजीवशास्त्र शिकते. जंगलात कोणते प्राणी आहेत, किती आहेत, कुठे आहेत आणि कुठून नाहीसे झाले, याचा अभ्यास. आमच्या वेळी असे काही शिकता येते हेच कुणाला माहीत नव्हते. फराळ करता करता तिने सहज विचारले, "आजोबा, तुमच्या लहानपणी इकडे गिधाडं होती?"

"होती की! पुष्कळ होती."

"पुष्कळ म्हणजे किती?"

आतून हिची आजी मोठ्याने हसली. मला मात्र चकली घशात अडकल्यासारखे झाले.

खरेच, किती होती? आमचे गाव खारेपाटात. एका बाजूला भातशेती, दुसऱ्या बाजूला बांध आणि खाजण. कुणाचा बैल किंवा म्हैस मेली की गावाबाहेरच्या माळावर नेऊन टाकत. आम्ही पोरे नाक दाबून लांबच्या बांधावर बसायचो. आधी कावळे येत. मग आभाळात एक ठिपका दिसे, मग दोन, मग घिरट्या घालत एकेक गिधाड उतरे. पंखांची फडफड, एकमेकांवर धावून जाणे, मान खुपसून ओढाओढ... संध्याकाळपर्यंत नुसता सांगाडा उरायचा. हे १९६० च्या आसपासचे सांगतो आहे. दहा होती, वीस होती की पन्नास, कधी मोजलीच नाहीत. रोजच्या गोष्टी कोण मोजतो? आज ते दृश्य डोळ्यांपुढे आणून मोजायला बसलो, तर दर वेळी आकडा वेगळा येतो.

नातीने मग मला जे सांगितले, त्यातले थोडे वर्तमानपत्रांतून वाचलेले होते, पण सलग कधी ऐकले नव्हते. राजस्थानात भरतपूरचे केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी मोजून ठेवली होती. १९८७-८८ मध्ये ३५३ जोड्या. त्या वेळी गिधाडे कमी होतील असे कुणाच्या स्वप्नातही नव्हते. दहाएक वर्षांनी त्यांनी पुन्हा मोजली, तर निम्मीसुद्धा उरली नव्हती. फांद्यांवर माना टाकून बसलेली आणि झाडांखाली मरून पडलेली गिधाडे दिसू लागली. हा हाहाकार एकट्या भरतपूरचा की देशभराचा, हे कसे ठरवायचे? योगायोगाने १९९१ ते १९९३ या काळात देशभरातल्या रस्त्यांवरून गाडीने जात शिकारी पक्ष्यांची मोजदाद झाली होती. २००० साली तेच रस्ते पुन्हा धुंडाळले, पुढेही धुंडाळले. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली होती. म्हणजे हजारात एक उरले!

कारण सापडले ते २००४ मध्ये. डायक्लोफेनॅक नावाचे वेदनाशामक औषध. गुरांना ते टोचत. असे गुरू मेले आणि गिधाडांनी खाल्ले, की त्यांचे मूत्रपिंड निकामी होऊन ती थोड्याच दिवसांत मरत. मला वाटले होते की गावोगावच्या सगळ्या मेलेल्या गुरांत हे विष असणार. तसे नाही. शास्त्रज्ञांचे गणित असे, की शंभरातल्या एकाहूनही कमी मृत जनावरांत ते असले तरी गिधाडांचा असा नायनाट व्हायला पुरेसे आहे. कारण एका मढ्यावर कितीतरी गिधाडे एकदम जेवतात, आणि गिधाडाची मादी वर्षाला अंडे घालते एकच. २००६ मध्ये आपल्या सरकारने जनावरांसाठी हे औषध बंद केले. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या जात, म्हणून २०१५ मध्ये त्याही बंद झाल्या. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक या दोन औषधांवरही जनावरांसाठी बंदी आली.

"आणि आजोबा, हे सगळं कळलं, कारण गिधाडं भरपूर होती तेव्हा कुणीतरी बसून ती मोजली होती," नात म्हणाली. "नाहीतर सगळे तुमच्यासारखंच म्हणाले असते, पूर्वी पुष्कळ होती."

पुष्कळ सरांना आयुष्यात असा फटका कुणी मारला नव्हता!

आता मुद्द्यावर येतो. हा लेख लिहायचा की नाही, याचा मी दोन महिने विचार केला. नातलगांपैकी बहुतेकांना माझी बिबट्याची गोष्ट ठाऊक आहे. कितीतरी लग्नांत, बारशांत, रात्रीच्या गप्पांत मी ती सांगितली आहे. शाळेत तर दर वर्षी ऑफ तासाला मुले ती मागून घेत. निवृत्तीच्या समारंभातही एका विद्यार्थ्याने भाषणात तिचा उल्लेख केला होता.

ज्यांनी ऐकली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९४ सालची बुद्धपौर्णिमा. तेव्हा मी रोह्याला नोकरीत होतो. एका जंगलात पाणवठ्यावरच्या प्राणिगणनेसाठी स्वयंसेवक हवे होते, म्हणून मी आणि माझे एक शिक्षक मित्र गेलो. (जंगलाचे नाव मुद्दाम देत नाही. चूक माझी आहे, जंगलाची नाही.) वैशाखी पौर्णिमाच का, तर उन्हाळ्याने ओढे-नाले आटलेले असतात, पाणी मोजक्याच जागी उरते, आणि चांदण्यात दिवा न लावता दिसते. चोवीस तासांत प्राणी एकदा तरी पाण्यावर येणार, या हिशोबाने मचाणावर बसायचे आणि छापील तक्त्यात भरायचे: वेळ, प्राणी, संख्या, नर, मादी, पिल्लू. माझ्या गोष्टीत पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी पानांचा आवाज होतो, चांदण्यात आधी शेपटीचे टोक दिसते आणि मग एक भला थोरला बिबट्या खाली वाकून पाणी पितो. पिऊन झाल्यावर तो वर मान करून माझ्याकडे बघतो.

तर मंडळी, तो बिबट्या मी पाहिलेला नाही.

त्या रात्री संध्याकाळी एक भेकर आले. नवाच्या सुमारास तीन रानडुकरे आली. मग काही नाही. दोन वाजता मित्राचे घोरणे सुरू झाले, आणि त्यानंतर केव्हातरी माझाही डोळा लागला. जाग आली तेव्हा चार वाजून गेले होते. तक्ता रिकामा. मित्र म्हणाले, "अहो, पलीकडच्या मचाणावर बिबट्याचा आवाज ऐकला म्हणतात. पाणी प्यायला इथेच आला असणार. दुसरीकडे पाणी आहे कुठे?" माझे अक्षर चांगले म्हणून तक्ता माझ्याकडे होता. मी लिहिले: ३.१०, बिबट्या, १. वेळही बिनचूक दिली, म्हणजे खरी वाटावी. जून महिन्यात शाळा उघडली, मुलांनी विचारले, "सर, बिबट्या दिसला?" आणि शेपटीचे टोक त्या दिवशी वर्गात जन्माला आले. पुढे पुढे तर मलाच ते दिसू लागले.

एवढी वर्षे मला याची फारशी टोचणी नव्हती, हेही कबूल करतो. एक आकडा, तोही कुठल्या तरी फाइलीत धूळ खात पडलेला. कुणाचे काय बिघडले? पण दिवाळीत नातीने मोठ्या कौतुकाने विचारले, "आजोबा, तुमच्या त्या बिबट्याची नोंद कुठल्या पाणवठ्यावरची? मी जुन्या नोंदी गोळा करते आहे. पूर्वी कुठे होते आणि आता कुठे आहेत, याचा नकाशा करायचा आहे." आणि तिने वही उघडली, पेनाचे टोपण काढले.

आता मी काय करावे? उत्तर द्यायला मला बराच वेळ लागला. तिला वाटले, आजोबा आठवताहेत.

शेवटी सांगून टाकले. ती रागावली नाही. थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "मग त्या दोन तासांत काही आलं नाही असं लिहायचं होतंत."

"पण आम्ही झोपलो होतो. आलं की नाही, कोण सांगणार?"

"मग तसं लिहायचं, की झोपलो होतो. शून्य आणि माहीत नाही, हे दोन वेगळे असतात आजोबा. दोन ते चार कुणी बघत नव्हतं, एवढं कळलं असतं तरी ती नोंद वापरता आली असती. आता नऊ वाजताची डुकरंही खरी की खोटी, असं विचारावं लागेल."

डुकरे खरी होती हो! पण ते आता मी कोणत्या तोंडाने सांगू?

एका खोट्या आकड्याने काय होते, याचे मोठे उदाहरण आपल्या देशात घडून गेले आहे. पूर्वी वाघ मोजायचे ते पावलांच्या ठशांवरून. ठसे पाहून हा अमुक वाघ, हा तमुक, असे माणसाने ठरवायचे. २००१-०२ च्या गणनेत देशात ३,६४२ वाघ निघाले. आणि २००४-०५ मध्ये लक्षात आले, की राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरलेला नाही. कागदावर ते होते. शिकाऱ्यांनी जंगलातले केव्हाच संपवले होते. त्यानंतर पद्धत बदलली, आणि २००६ च्या नव्या गणनेत आकडा आला १,४११. आता मोजण्याची पद्धतच वेगळी, तेव्हा मधल्या काळात तेवढे सगळे वाघ मेले असे म्हणता येत नाही. पण जुना आकडा बघून आपण किती वर्षे निर्धास्त झोपलो, ते यातून कळते. २०२२ च्या गणनेत देशातल्या वाघांचा अंदाज ३,६८२ आहे. बिबट्यांचा १३,८७४, त्यांतले १,९८५ आपल्या महाराष्ट्रात.

"अंदाज कसा काय? गणना म्हणजे मोजणे ना?" असे मी मास्तरकीने विचारले. तेव्हा नातीने आजीकडे वालाचा डबा मागितला. आपल्या रायगडात घरात वाल नाही असे होत नाही. डब्यातून तिने ५० वाल मोजून काढले, त्यांवर शाईचे ठिपके दिले, वाळवून पुन्हा डब्यात टाकले आणि डबा खूप हलवला. मग मला डोळे मिटून मुठीने काढायला सांगितले. मी ६० काढले. त्यांत ठिपक्याचे निघाले ६. म्हणजे दहातला एक ठिपक्याचा. ठिपक्याचे एकूण ५०, तेव्हा डब्यात सुमारे ५०० वाल असणार. मग हिने आणि मी दुपारभर बसून ते सगळे मोजले. निघाले ५३६! मी थक्क झालो. (त्या रात्री वालाची उसळ झाली, ठिपक्याचे तेवढे निवडून.)

जंगलात बिबट्याला शाई लावायला लागत नाही. त्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी, वाघाच्या पट्ट्यांसारखी किंवा आपल्या अंगठ्यासारखी. वाटेच्या दोन्ही बाजूंना झाडांवर कॅमेरे बांधतात. समोरून काही गेले की फोटो आपोआप निघतो. पहिल्यांदा किती वेगळे बिबटे आले, पुढच्या वेळी त्यांतले किती पुन्हा आले, यावरून न दिसलेल्यांचाही हिशोब करता येतो. भेकराला अशी ओळखीची खूण नसते, तिथे आखलेल्या वाटेवरून चालत जाऊन प्राणी वाटेपासून किती अंतरावर दिसला ते लिहितात. शेकरूची तर घरटी मोजतात, पण एक शेकरू पाच-सहा किंवा जास्तही घरटी बांधते, त्याचा विचार न करता आकडा लिहिला की पंचाईत. पाणवठ्यावर तेच भेकर दोनदा आले तर दोन धरले जाते, आणि झाडीतल्या झऱ्यावर पिऊन गेलेले धरलेच जात नाही. म्हणून आता बुद्धपौर्णिमेच्या मचाणाला आपल्या राज्यात बऱ्याच ठिकाणी 'निसर्गानुभव' म्हणतात. हे मला आवडले. अनुभव घ्यायला माझी हरकत नाही, तिथे झोपले तरी चालते.

आमच्या भागाला या अभ्यासाची परंपरा आहे, हेही तिच्यामुळे लक्षात आले. अलिबागजवळ किहीमला १९३० च्या पावसाळ्यात सलीम अली यांनी सुगरणीच्या घरट्यांसमोर ठाण मांडले होते. तेव्हा त्यांना नोकरी नव्हती. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन पारखते, पसंत पडले तर राहते, मग नर ते पुरे करतो आणि दुसरे विणायला घेतो, हे त्यांनी तिथे बसून टिपले. पेणहून मुंबईला जाताना लागणारे कर्नाळा १९६८ पासून पक्षी अभयारण्य आहे. रोह्याहून मुरुडकडे जाताना लागणारे फणसाड, जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे राखीव रान, १९८६ मध्ये अभयारण्य झाले. आणि म्हसळा तालुक्यातल्या चिरगावला पांढऱ्या पाठीची गिधाडे अजून आहेत! महाडच्या सिस्केप संस्थेचे प्रेमसागर मेस्त्री आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे गावकऱ्यांच्या मदतीने त्यांची घरटी राखत आणि मोजत आले आहेत. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने आपल्या जिल्ह्यात उंच उंच झाडे आडवी केली, तेव्हा आम्हाला आपल्या पत्र्यांची आणि नारळी-पोफळीची काळजी होती. उंच झाडावर घरटे करणाऱ्याचे काय झाले असेल, हा विचार मला तेव्हा शिवलाही नाही.

नात परत जायच्या आदल्या दिवशी मी माळ्यावरची ट्रंक काढायला लावली. त्यात माझ्या जुन्या रोजनिश्या आहेत. किराण्याचा हिशोब, पगार, कुणाचे आजारपण, पहिला पाऊस. तासभर चाळल्यावर फेब्रुवारी १९८३ चे एक पान मिळाले. सहावीच्या मुलांना घेऊन रोह्याजवळ कुंडलिकेच्या काठी वनभोजनाला गेलो होतो. पानाच्या तळाशी लिहिले होते: 'नदीपलीकडे मेलेली म्हैस. गिधाडे १७. (एक मुलगा म्हणतो १८.)'

मी काही बोलायच्या आत तिने त्या पानाचे चार फोटो काढले. किती वाजता? दुपारी, जेवण झाल्यावर. किती जणांनी मोजली? सगळ्या वर्गाने, मीच मोजायला लावली होती. कोणत्या जातीची? मी म्हणणार होतो पांढऱ्या पाठीची, कारण तोपर्यंत तिच्याकडून चार वेळा नाव ऐकले होते. पण थांबलो. म्हटले, "जात माहीत नाही." तिने तसेच लिहून घेतले, आणि माझ्याकडे बघून हसली. त्या हसण्याने मला किती बरे वाटले, ते सांगता येणार नाही.

त्या अठरावाल्या मुलाचे नाव मला आठवत नाही. इतक्या वर्षांत बिबट्याची गोष्ट मी कितीदा सांगितली, पण या सतरा गिधाडांची एकदाही सांगितली नव्हती.

आता रोज सकाळी सात ते सव्वासात मी गॅलरीत खुर्ची टाकून बसतो. दिसेल तो पक्षी आणि संख्या वहीत लिहितो. नातीने मोबाइलवर 'ईबर्ड' घालून दिले आहे, त्यात ती यादी जाते. जगभरातले लोक अशा याद्या पाठवतात. आपल्या देशातल्या तीस हजारांहून जास्त हौशी मंडळींच्या अशाच नोंदींवरून 'भारतातील पक्ष्यांची स्थिती' हा २०२३ चा अहवाल तयार झाला. त्यात एक प्रश्न विचारतात: ओळखू आलेले सगळे पक्षी लिहिलेत का? 'हो' म्हटले की जो पक्षी यादीत नाही तो त्या वेळी दिसला नाही, असे धरता येते. कधी डोळा लागला तर तेवढी मिनिटे वजा करून वेळ लिहितो. आजची यादी: साळुंक्या ६, बुलबुल ४, कावळे ९, दयाळ १, शिंजीर २. चिमण्या शून्य.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी जुन्या डायऱ्या, पत्रे, शेतावरच्या नोंदी असतील तर रद्दीत देण्याआधी एकदा चाळा. कुठे गिधाड, कोल्हा, तरस, सांबर असा शब्द आणि त्यापुढे आकडा दिसला तर मला कळवा. आकडा नसेल तरी कळवा. मात्र तोंडी गोष्ट असेल तर गोष्ट म्हणूनच सांगा.

आणि माझी दुरुस्ती इथे जाहीरपणे नोंदवतो. १९९४ ची बुद्धपौर्णिमा, रात्री २ ते ४: मचाणावरचे दोन्ही शिक्षक झोपलेले. बिबट्या: माहीत नाही.